हेराला विष कोणी घातलं?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. ज्यांना काहीही ठाऊक नव्हतं आणि तरीही ज्यांची तोंडं बंद होत नव्हती, अशा शहाण्यांमुळे ते फिरतं. पोलिसाला गुन्हेगार परवडतो, कारण तो निदान खोटं बोलतोय हे त्याला स्वतःला माहीत असतं.

त्या वेळी मी निपाणी भागातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. घर मराठी, नोकरी कर्नाटक पोलिसांत. सीमाभागात अशा अधिकाऱ्याचं जे व्हायचं तेच माझं झालं. इकडचे म्हणायचे, हा त्यांना जाऊन मिळालाय. तिकडचे म्हणायचे, हा शेवटी यांचाच. मी दोघांच्या शिव्या खाऊन आपलं काम करत होतो.

थंडी पडू लागली होती. कर्नाटक विधिमंडळाचं बेळगावातलं अधिवेशन आलं की आमच्या भागात सीमाप्रश्नाच्या बैठका सुरू होतात. बैठका सुरू झाल्या की वरून गुप्तवार्ता खात्याची साध्या कपड्यांतली माणसं येतात, लॉजवर उतरतात आणि मिरचीचे व्यापारी म्हणून फिरतात. ती कोण आहेत हे ठाण्याला अधिकृतपणे कळवत नाहीत. गावाला मात्र पहिल्याच दिवशी कळतं.

निपाणीत तेव्हा एक संपादक होते. चार पानांचं दैनिक, जुनं छपाईयंत्र, हाताखाली दोन माणसं. साठी उलटलेली, दमा जडलेला, पण लेखणीला खाज भारी. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. एके दिवशी त्यांनी पहिल्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळी छापल्या. गावात एक सरकारी पाहुणा आला आहे, तो एकाही बैठकीला नसतो आणि तरी प्रत्येक बैठकीचा अहवाल त्याच्याकडे असतो, अशा अर्थाच्या. नाव नाही, गाव नाही. वाचून लोक हसले. मीही हसलो.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी सरकारी दवाखान्यातून ठाण्याला निरोप आला. लॉजवरचा एक माणूस वांत्या करत आणला आहे, अंग थंडगार, घाम सुटलाय, नाडी मंद, विषबाधेचा संशय. अशा निरोपाची नोंद घेऊन आम्हाला जबाबाला जावं लागतं. माझा हवालदार गेला. रुग्णाने अडखळत एवढंच सांगितलं की सकाळपासून लॉजवरच होतो, काही खाल्लं नाही, तंबाखूचं व्यसन नाही. हवालदार परत येऊन म्हणाला, "साहेब, हा त्योच. पेपरातला पाव्हणा."

हे वाक्य ठाण्याबाहेर कसं गेलं ते मला आजवर समजलेलं नाही. संध्याकाळी टीव्हीवर मोठ्या अक्षरांत झळकलं, 'सीमाभागात हेरावर विषप्रयोग'.

मग जो तमाशा सुरू झाला तो विचारू नका. एका भाषेतल्या चॅनेलवर सिद्ध झालं की मराठी संपादकाने सरकारी माणसाला विष घातलं. दुसऱ्या भाषेतल्या चॅनेलवर सिद्ध झालं की पेपर बंद पाडायला सरकारनेच आपल्या माणसाला विष घातलं. वृत्तपत्रस्वातंत्र्यावर चर्चा झाली. चर्चेतल्या एकानेही अण्णांचा पेपर कधी पाहिला नव्हता. पुढाऱ्यांनी दोन्ही राज्यांत निवेदनं काढली. आणि वरच्या खात्याने काय केलं? हा माणूस आमचा नाहीच, असं कळवलं. आपलाच माणूस खाटेवर पडलाय, आणि हे म्हणतात, कोण तो?

इतक्यात खबर आली. छापखान्यासमोरचा पानपट्टीवाला आमचा जुना खबऱ्या. त्याने सांगितलं, "त्यो माणूस रोज सांजच्याला अण्णांच्यात जातोय. आजारी पडायच्या आदल्या सांजंला बी गेलता. च्या पिऊन आला."

मी ही खबर नियमाप्रमाणे वर कळवली. लगेच फोन आला, "एन्री, काय हो, मग वाट कसली बघताय? आणा त्याला." मी म्हणालो, चहा आदल्या संध्याकाळचा आहे, माणूस आजारी पडला दुसऱ्या दिवशी दुपारी, प्रयोगशाळेचा अहवाल नाही. तिकडून उत्तर आलं, "उद्या सभागृहात प्रश्न येणार आहे. अटक झाली असं सांगता आलं पाहिजे." म्हणजे माणूस आत घालायचा तो प्रश्नोत्तराच्या सोयीसाठी! मी अण्णांना अटक केली, न्यायालयाने पोलीस कोठडी दिली, छापखान्याला सील लागलं, पेपर बंद झाला.

चौकशीला मी स्वतः बसलो. अण्णा बाकावर मांडी घालून बसले होते, छाती भात्यासारखी वाजत होती.

"अण्णा, तो हेर आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्ये सांगायचं न्हाय, साहेब."

"चहात काय घातलं होतंत?"

"साखर. लई घातली. त्याला ग्वाड लागतोय."

"अहो, थट्टा करायची वेळ आहे का ही? कोठडी संपली की हिंडलग्याचा तुरुंग आहे. या छातीने तिथं कसं काढाल? कुणी सांगितलं तेवढं सांगा, मला तुम्हाला सोडवायला काहीतरी धागा द्या."

"मी पेपरवाला हाय. ज्यानं इश्वासानं सांगितलं त्याचं नाव सांगून सुटायचं, आनि मग पेपर काढायचा कशाला?" ते जरा थांबले, दम घेतला आणि म्हणाले, "त्ये जाऊ द्या. पोरगं कसं हाय आता?"

ज्याला विष घातल्याचा आरोप, त्याचीच विचारपूस. चौकशीत माणसं सहानुभूतीचं नाटक करतात, ते मी पुष्कळ पाहिलं आहे. पण नाटक करणारा एकदा विचारतो आणि आपल्या तोंडाकडे बघतो. अण्णा येता-जाता प्रत्येक शिपायाला विचारत होते. मला संताप आला, कारण हा म्हातारा काहीतरी लपवतोय आणि त्यात त्याचा स्वतःचा फायदा नाही, एवढं मला दिसत होतं.

मग मी दवाखान्यात गेलो. खरं तर पहिल्या दिवशीच जायला हवं होतं, पण दोन दिवस मी वरच्यांचे फोन घेण्यातच घालवले होते.

खाटेवर तिशीतला एक सरळसाधा माणूस होता. आता बरा दिसत होता. मलनाडातल्या सुपारीच्या गावचा, मराठी मोडकंतोडकं. मी कन्नडमधून बोलायला लागलो. तो प्रत्येक प्रश्नाला तेच सांगत होता, लॉजवर होतो, कुठं गेलो नाही. बोलताना त्याने पाण्याचा पेला उचलला आणि माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. दोन्ही तळवे काळेकुट्ट. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगटाच्या वरपर्यंत काळा लेप. बाहेरगावाहून बदलून आलेली नर्स म्हणाली, साबणाने निघत नाही, ग्रीस असेल; डॉक्टरही तिच्यासारखेच या भागात नवे.

माझं आजोळ तंबाखूच्या पट्ट्यातलं. ते ग्रीस नव्हतं. तंबाखूचे शेंडे आणि फुटवे हाताने खुडतात, त्याला आमच्याकडे खुडणी म्हणतात. हिरव्या रोपाचा चीक हाताला बसला की तो असाच काळा पडतो आणि आठवडाभर निघत नाही. आणि खुडणीचा एक दंडक आहे. दहिवर, म्हणजे पानांवरचं दव, उतरल्याशिवाय कुणी वावरात शिरत नाही. बाया उन्हं येईपर्यंत बांधावर बसतात, अंगात नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट चढवतात, पुढं पोतं बांधतात. ओल्या पानांतून उघड्या अंगाने फिरलं की तंबाखू कातडीतून अंगात भिनते. मग चक्कर, घाम, वांत्या. 'तंबाखू लागली' म्हणतात त्याला. लहानपणी मामाच्या नव्या गड्याला ती लागलेली मी पाहिली होती.

"कुणाच्या तंबाखूत गेला होतास?" मी विचारलं.

तो पांढराफटक पडला. "सर, मी लॉजवर..."

"तुझे हात लॉजवर काळे झाले का? ऐक. तू तोंड उघडत नाहीस म्हणून एक दमेकरी म्हातारा माझ्या कोठडीत आहे. तू हेर आहेस हे त्याला कुणी सांगितलं ते तो सांगत नाही. उद्या त्याला तुरुंगात पाठवावं लागेल. आणि तो दिवसभर एकच विचारतो, पोरगं कसं आहे."

तो माणूस रडायला लागला. पोलीस खात्यातला माणूस असा हुंदके देऊन रडताना बघवत नाही. "सर, त्यांना दुसरं कोण सांगणार? मीच सांगितलं होतं."

मग सगळं बाहेर आलं. त्याला मराठी भाषण कळायचं नाही, बैठकीत बसला तर लगेच ओळखू यायचा. म्हणून तो छापखान्यात गेला आणि सरळ म्हणाला, अण्णा, मी त्या खात्याचा, आज काय ठरलं ते सांगा, नाहीतर माझी नोकरी जाईल. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि ठराव सांगितले. ठराव दुसऱ्या दिवशी पेपरात येणारच होते. या प्रकाराचं मला नवल वाटलं नाही. निम्मे गुप्त अहवाल आमच्याकडे असेच तयार होतात, आणि ते 'अत्यंत गोपनीय' शिक्का मारून वर जातात. त्या दोन ओळी छापून येताच वरच्या साहेबाने याला फोनवर फाडून खाल्लं. चहा पिऊन अहवाल लिहितोस? लोकांत शिर, कामाला लाग, संशय येता कामा नये!

म्हणून हा भल्या पहाटे सदलग्याच्या बाजूला एका शेतावर मजूर म्हणून गेला. मी थेट दवाखान्यातून त्या शेतावर गेलो. मालक म्हणाला, "आलता की एकजण. लई हुशारीनं आलता. आमी म्हटलं, आप्पा, दहिवर उतरू दे, हितं शेकोटीला बस. त्यो म्हणला, न्हाय, मी सुरू करतो. बनियनवर शिरला की वो तंबाखूत! वांत्या सुरू झाल्यावर कुनाला न सांगता निघून गेला." मी कपाळावर हात मारला. ज्यांच्या गप्पा ऐकायला याला पाठवलं ती माणसं शेकोटीभोवती बसून बैठकीचंच बोलत होती, आणि हेर एकटाच ओल्या तंबाखूत राबत होता.

डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी तपासणी करून घेतली. लघवीत तंबाखूचा अंश भरपूर निघाला. रुग्णाने जबाब दिला, पण हात जोडून एक विनंती केली. शेतात का गेलो आणि अण्णांकडे का जायचो, हे लिहू नका, घरी म्हातारी आई आणि दोन बहिणी आहेत. शेतात गेला एवढ्यावर गुन्हा निकालात निघत होता. अण्णांना सोडायला तेवढं पुरेसं होतं. मी तेवढंच लिहिलं.

अण्णा सुटले ते घरी न जाता दवाखान्यात गेले. मी सोबत होतो, वाटेत त्यांना सगळं सांगितलं. खाटेवरचा माणूस उठून त्यांच्या पायांना हात लावायला लागला. अण्णांनी त्याचा काळा हात धरला आणि म्हणाले, "माझ्याच दोन ओळींनी तुला हे झालं, लेका. चुरचुरीत लिवायच्या नादात छापलं म्या."

मी अण्णांना बाजूला घेऊन म्हणालो, "आता खरी हकिगत छापा. एका दिवसात सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"आनि ह्याची नोकरी?"

मी जीप बोलावली आणि त्यांना घरी सोडलं.

सरकारने निवेदन काढलं, विषप्रयोग झालेला नाही, सदर व्यक्तीचा शासनाशी संबंध नाही. ते कुणालाही पटलं नाही. तंबाखू लागते हे निपाणीला सांगायला नको. पण लॉजवरचा माणूस पहाटे खुडणीला का गेला होता, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. गावात ते फक्त आम्हा तिघांकडे होतं. एक बाजू म्हणाली, पोलिसाने आपल्या भाषेचा माणूस वाचवला. दुसरी बाजू म्हणाली, संपादकाने आत जाऊन सरकारशी तडजोड केली. वृत्तपत्रस्वातंत्र्यावर गळा काढणाऱ्या एका चॅनेलने अण्णांना चर्चेला बोलावलं. त्यांनी नकार दिला, तर चॅनेलने तोही कबुलीजबाब ठरवला.

छापखान्याचं सील निघालं, यंत्र पुन्हा सुरू झालं. पण जाहिराती येईनात. दुकानदार पेपर परत करू लागले. बाजारात पोरंटोरं 'विषवाला अण्णा' म्हणून हाक मारायची. पेपरात रोज सगळं यायचं, फक्त ती हकिगत आली नाही. वर्षभरात पेपर बंद पडला. तो बंद करायला सरकारला काहीही करावं लागलं नाही.

पोलिसात मी हे शिकलो की माणूस काय बोलत नाही, आणि कुणासाठी बोलत नाही, ते आधी शोधावं. बोलणाऱ्यांचा तपास सोपा असतो. पण हे शहाणपण अण्णांच्या काय कामाचं?

अण्णा आता नाहीत. तो माणूस खात्यात आहे, दुसऱ्या शाखेत, वरच्या पदावर. हे लिहिण्याआधी मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "लिहा, सर. अण्णांवरचा डाग जाऊ दे." मी विचारलं, तुझं नाव? त्याने फोन ठेवला नाही, पण बोललाही नाही. म्हणून मी इथं कुणाचंही नाव घातलेलं नाही. ज्यांनी त्या म्हाताऱ्याला भर बाजारात विषवाला म्हटलं, त्यांना त्याचं नाव सांगायची गरज नाही.