बटणावरची चमक

समस्त सज्जनहो, एक अतिशय गंभीर बाब जाहीर करायची आहे, शक्यतो बसून घ्या. पन्नाशीला टेकलेल्या, दोन्ही डोळे शाबूत असलेल्या मी आयुष्यात कधीही गोल बटण नीट पाहिलेलं नव्हतं.

आणि माझा धंदा काय, तर बटणं काढण्याचा. गाण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर जी गोल बटणं माउसने फिरवतात, ती मी चौसाळा गावात बसून चितारतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाने माझं बटण दोनदा परत पाठवलं होतं. खोटं वाटतं, एवढंच कळवायचा. तिसऱ्यांदा तसंच झालं तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं, आणि मुदत उद्याची.

म्हणून लॅपटॉप काखेत मारून मी शाळेपासूनच्या मित्राकडे गेलो. तो लग्नाकार्यात कर्णे लावतो. त्याच्याच अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजाच्या बटणाचा फोटो घेऊन मी ते चित्र बनवलं होतं. मी त्याला ते फिरवून दाखवलं.

"ह्ये काय काढलं बे? चमक बी फिरायली की."

"बटण फिरलं की चमक फिरणारच."

"कावून? बटणासंगं ट्यूबलाइट फिरती का?"

त्याने अ‍ॅम्प्लिफायर पुढे ओढला. खंडेनवमीला त्याच्या घरी हत्यारांबरोबर या बटणालाही हळदीकुंकू लागतं. तो टिळा अजून तसाच होता. त्याने सावकाश बटण फिरवलं. कुंकू डावीकडून वर गेलं, वरून उजवीकडे उतरलं. चमक मात्र ट्यूबलाइटच्या बाजूला होती तिथेच. तसूभर हलली नाही.

मी त्याला पुन्हा फिरवायला लावलं. पुन्हा तेच. रेडिओची, पंख्याची, शेगडीची किती बटणं पिळली असतील या हातांनी, आणि मी सबंध फोटोच उजेडासकट गरागरा फिरवत बसलो होतो.

तिथेच सतरंजीवर बसून मी चित्राचे दोन भाग केले. एकात चमक आणि सावली, त्या जागच्या हलणार नाहीत. दुसऱ्यात बटणावरची पांढरी खूण, फिरेल ती तेवढीच. दीड तास गेला. तेवढ्या वेळात त्याने मला आंधळा, अर्धवट आणि शिकून वाया गेलेला म्हणून घेतलं.

मग मी त्याच्यासमोर नवं बटण फिरवत नेलं, पार शेवटपर्यंत. आवाज नव्हताच, नुसतं चित्र. पण त्याने दोन्ही कान दाबून धरले आणि त्याच्या तोंडून निघून गेलं:

"आरं बास कर बे, कर्णा फाटंल."