देव वेगळे करणारी कंपनी

लग्न होऊन मी सांगलीहून चेन्नईला आले तेव्हा सासूबाईंचं मराठी मला निम्मंच कळायचं, आणि माझं त्यांना त्याहून कमी. त्यांचं घराणं तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. पुढे नोकरीपायी आम्ही दोघं चेन्नईतच दुसऱ्या टोकाला, अण्णा नगरला राहायला गेलो आणि त्या मैलापूरच्या जुन्या घरातच राहिल्या. तरी घर वेगळं झालं असं कुणी म्हणत नव्हतं. त्यांच्याकडचा नियम साधा होता: देव वेगळे होत नाहीत तोवर घर एक. म्हणून आमच्या फ्लॅटमध्ये देवघरच नव्हतं. घट मैलापूरला, कुळधर्म मैलापूरला, आणि सणाला आम्ही दोघं पिशव्या घेऊन तिकडे.

टीव्हीवर मालिका-सिनेमे बघायचं खातंही असंच एक होतं. नवऱ्याच्या नावावर, आणि बघायचं तिघांनी. अम्मा (नवऱ्यासारखं मीही त्यांना अम्माच म्हणते) दुपारी मराठी मालिका बघायच्या आणि संध्याकाळी फोनवर अडलेले शब्द मला विचारायच्या. मालिकेतल्या सुनेचा कैवार घेऊन तिच्या सासूचा उद्धार करायच्या, तोही थेट मला, स्वतःच्या सुनेला! आम्ही दोघी त्या फोनांवरच एकमेकींना कळायला लागलो.

मग ते खातं देणाऱ्या कंपनीला उपरती झाली. एके काळी ‘पासवर्ड सगळ्यांना द्या, सगळे मिळून बघा’ म्हणून गळ्यात पडणारी हीच कंपनी. गिऱ्हाईक पक्कं अडकल्यावर तिला साक्षात्कार झाला की दोन छपरांखालची माणसं एका घरातली नसतात. एका दुपारी अम्मांच्या टीव्हीवर इंग्रजीत पाटी आली: हा टीव्ही खातेधारकाच्या घराचा भाग नाही. शेजारी खातेधारकाचं नाव. म्हणजे त्यांच्या लेकाचं.

हे आम्हांला तेव्हा ठाऊकच नव्हतं. अम्मांचा फोन येईना म्हणून मी केला, तर “सरि, सरि,” म्हणजे ठीक ठीक, “बरं आहे” एवढं बोलून ठेवून दिला. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

रविवारी त्यांचा नेहमीचा ऑटोवाला स्टीलचा डबा घेऊन दारात उभा. डब्यात कोऱ्या लाल कापडात चांदीचा टाक होता, कुलदेवीचा मुखवटा उठवलेला तळहाताएवढा पत्रा, आणि सोबत हळदकुंकवाच्या पुड्या. मला आधी वाटलं, पॉलिश करायला पाठवलाय. नवऱ्याने मात्र टाक पुन्हा कापडात गुंडाळला.

“अम्मानं देव वेगळे केले,” तो म्हणाला. त्यांच्यात भावाभावांची भांडणं विकोपाला गेली, तरच हे होतं.

त्याच ऑटोत डबा मांडीवर घेऊन आम्ही मैलापूर गाठलं. अम्मा शांतपणे पूजेची भांडी पुसत होत्या.

“अम्मा, हे काय केलीस?” नवऱ्याने डबा त्यांच्यापुढे ठेवला.

“तुझं घर वेगळं म्हणून तूच सांगटलास की. टीव्हींत लिहून आलं, तुझं नांव घालून,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “आमच्या घरांतलं त्या कंपनीला कसं कळेल, कोणी सांगटल्याशिवाय?”

अम्मांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. त्या विचारात बोट ठेवायला जागा नव्हती. एकुलता लेक आपल्याला घराबाहेर काढतो आणि तेही तोंडावर न सांगता, हे मनात धरून त्या इतके दिवस एकट्या बसल्या होत्या. त्या पाटीपायी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

आम्ही समजावलं. कंपनीला काही कळत नाही, आमच्या इंटरनेटच्या जोडणीवर जो टीव्ही नसेल तो परक्याचा, एवढंच तिचं शहाणपण.

“वायर बघून घर ठरिवतात?” अम्मांनी विचारलं.

नवऱ्याने घाईघाईने मोबाइल काढला. कंपनीनं उपायही ठेवला होता: थोडे पैसे जास्त भरा आणि त्यांना ‘जादा सदस्य’ म्हणून घ्या. जादा! जिच्या घरातून आपण निघालो ती जादा? मी त्याच्या हातातून मोबाइल ओढून घेतला. ऑफिसातली मंडळी नंतर म्हणाली, नियम तो नियम, पैसे भर आणि गप्प बस. अहो, पैसे मागा ना! सरळ दर वाढवा, परवडलं तर भरू. पण घरचं कोण आणि बाहेरचं कोण, हे ठरवायला तुम्हांला कुणी बोलावलं होतं? लष्कराच्या भाकऱ्या तरी फुकट भाजतात; हे तर आमचं घर फोडून वर आमच्याकडूनच पैसे मागतात.

खातं तिथल्या तिथे बंद केलं. टाक अम्मांनी स्वतः धुऊन देवघरात ठेवला, स्वतःच्या वेडेपणाला हसल्या, आम्हांला जेवायला वाढलं. मिटलं, असं वाटलं.

अम्मांकडे आमच्या फ्लॅटची किल्ली आहे. पूर्वी मनात आलं की त्या बस धरून यायच्या, आणि ऑफिसातून परतताना आमच्याच कुकरची शिट्टी आम्हांला जिन्यात ऐकू यायची. आता त्या आदल्या दिवशी फोन करतात.

“उद्यां येऊं का?”

“अम्मा, विचारता काय!” मी दर वेळी ओरडते.

“हो की,” त्या म्हणतात. आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारतात.