तुळशीराम मांडववाल्याच्या गोळ्या

नांदुऱ्याच्या तुळशीरामनं चाळीस वर्षं लग्नाचे मांडव घातले. कोणतं गाव, कोणाचं दार, नवरदेव कशावरून रुसला, पंगतीत काय कमी पडलं, सगळं त्याला तोंडपाठ. पण सत्तरी उलटली आणि एकदा त्यानं नातीला, निशिगंधाला, तिच्या आत्याच्या नावानं हाक मारली. एकदा गॅसवर चहा विसरला. झालं! त्याच्या पोरानं, राजकुमारनं, स्मरणशक्तीच्या गोळ्यांचा डबा आणला. सकाळी एक, संध्याकाळी एक, वर दुधातून ब्राह्मीची भुकटी. म्हातारा मनातून घाबरलाच होता. मुकाट्यानं गिळत राहिला. दोन महिन्यांत फरक काय पडला म्हणाल, तर ढेकर कडू येऊ लागले. बाकीचं देव जाणे.

अशात निशिगंधाला पाहायला पाहुणे आले. पोरगा हरिओम, बँकेत नोकरीला. सोबत आईवडील आणि मामा. तुळशीराम पोराकडे टक लावून बसला होता. एकदम बोलला, "याचं तं लगन झालं हाय. तीन सालाखाली, वरवट बकाल गावाले. मांडव माहाच होता."

 राजकुमार हसत हसत उठला आणि गोळ्यांचा डबा आणून पाहुण्यांसमोर ठेवला की हो! "मनावर नका घेऊ. बाबाले काही आठवत नाही आता. हे पाहा, गोळ्या चालू हायेत."

तुळशीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, तुझ्या शब्दाखातर ज्या गोळ्या गिळल्या, त्याच चारचौघांत माझ्या तोंडावर मारतोस? पाहुणे कीव आल्यासारख्या माना हलवू लागले. निशिगंधा दारात उभी, चेहरा पांढराफटक. आता आरडाओरडा केला तर आपण खरंच भ्रमिष्ट ठरू आणि पोरगी जाईल या लोकांच्या घरात, हे म्हाताऱ्यानं ओळखलं. तो मामांकडे वळला आणि गरीब आवाजात म्हणाला,

"हाव, माहाच घोटाळा झाला असंन. त्या लग्नात नवरदेवाचा मामा दारू पिऊन मांडवात आडवा झाला होता. ते तुम्ही नसान."

मामा ताडकन उठला. "मी काऊन पडन? पडला तो नवरीचा काका होता!"

बोलून गेला आणि मग जीभ चावली. हरिओमच्या बापानं कपाळावर हात मारला.

तुळशीरामला आनंद झाला नाही. त्यानं पोराकडे पाहिलं. राजकुमारला या गोष्टीचा धक्काच बसला नव्हता. तो खाली फरशीकडे पाहत होता.

"तुले माहीत होतं?"

"फारकत झाली हाय, बाबा. कागदपत्र बरोबर हायेत. नोकरीवाला पोरगा... मले वाटलं, नंतर सांगू तिले."

"मले यडा ठरवतानी तुले लाज नाही वाटली, ठीक हाय. पोटच्या पोरीले फसवतानी तरी वाटू द्यायची होती, बे!"

राजकुमार तोंड उघडणार, तोच निशिगंधा पुढे आली. बापाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"पाहुण्यायले मीच सांगतो," ती म्हणाली आणि त्यांच्याकडे वळली. "या आता तुम्ही."