सांभाळायला दिलेला पलंग

नवं घर लावायचं म्हणून मी कॅलेंडरच्या पानामागे यादी केली होती. वर पलंग, त्याखाली कपाट, मग टेबल, खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ. त्यातली एकही वस्तू मी विकत आणली नाही. तरी दिवाळी सरली आणि पंधरवड्यात घर भरून गेलं.

मी अंगणवाडी सेविका. नवरा वारल्यावर सासरहून निघाले तेव्हा माझ्याबरोबर एक ट्रंक, गादी, शेगडी आणि सिलिंडर एवढंच होतं. आष्टीच्या कडेला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बाहेरची पत्र्याची, आतली जुन्या दगडी भिंतींची, शहाबादी फरशीची. मानधनात भाडं आणि किराणा बसायचा, पलंग बसत नव्हता. मी खडूने फरशीवर चौकोन आखून ठेवले होते. हा पलंगाचा, हा कपाटाचा. रिकाम्या घरात मी त्या चौकोनांना वळसा घालून चालायचे. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं, पण मला चालताना पलंगाची कड पोटरीला लागल्यासारखी वाटायची.

आमच्या गल्लीतली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. ट्रक येतो, त्यात कोयते, पातेली, लेकरं, शेळ्या चढतात आणि दारांना कुलपं लागतात. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस मागे राहत नाही, ते आपल्या चांगल्या वस्तू कुणाच्या तरी नांदत्या घरात ठेवतात. ही इथली जुनी रीत. बंद घरात चोरापेक्षा गंज, वाळवी आणि उंदीर यांची भीती जास्त.

शेजारीण पलंगाची एक बाजू धरून माझ्या दारात आली. दुसरी बाजू तिच्या नवऱ्याने धरली होती.

"बाई, कुठं टेकवू?"

"अगं, मी कुठे मागितला?"

"मग काय फडात नेऊ? कोपीत पलंगावर झोपणारी रानी हाय का मी? सरका, हात तुटायलेत."

तो लग्नात आलेला लोखंडी पलंग होता. पाठोपाठ आरशाचं कपाट आलं. मी जुन्या चादरी काढल्या, झाकून ठेवायला. तिने त्या माझ्या हातातून ओढल्या.

"झाकायचं न्हाई. पलंगावर झोपायचं, कपाट रोज उघडायचं. वापरलेली वस्तू जगती, बाई. नुसती ठिवलेली मरती."

दुसऱ्या एका घरातून टीव्ही आला. "बघा, पण मालिकेत काय झालं ते फोनवर सांगायचं," एवढीच अट होती. कोपऱ्यावरच्या घरातून घड्याळ आलं. ते चालू दिलं होतं आणि चालूच परत करायचं होतं. एक टेबल आलं, एक प्लास्टिकची खुर्ची आली. ट्रक गेला त्या संध्याकाळी मी प्रत्येक वस्तू तिच्या खडूच्या चौकोनात नेमकी बसवली आणि पलंगाच्या कडेला टेकले. समोरच्या आरशात आणखी एक खोली होती, आणखी एक पलंग, त्यावर माझ्यासारखीच एक बाई. दोन्ही खोल्यांत एकाच वेळी अंधारत गेलं, तरी दिवा लावायला उठावंसं वाटेना.

आई आली ती डोळ्याच्या ऑपरेशननंतर. ती तेलगावकडे भावाजवळ राहायची. भावाच्या घरात नवं बाळंतपण होतं, जागा नव्हती, आई गोठ्याच्या पडवीत झोपायची. भाऊ वाईट नव्हता, घर लहान होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धूळ नको आणि वाकणं नको. मी तिला चार दिवसांसाठी म्हणून आणलं, पण मनात होतं की तिने इथेच राहावं, कायमचं. हे तिला सांगायची सोय नव्हती. लेकीच्या घरी आईबापाने मुक्काम करू नये, लेकीचं खाऊन तिचं ऋण डोक्यावर घेऊ नये, हे तिच्या हाडात मुरलेलं. माझ्या हातचं पाणी प्यायच्या आधीही ती माझ्या तळहातावर रुपया ठेवायची.

पहिल्याच रात्री तिने फरशीवर पटकूर पसरलं.

"आई, वाकू नकोस. पलंगावर झोप."

"लेकीच्या पलंगावर? लोक म्हणतील, लेक मेला का हिचा?"

"पलंग माझा नाहीच. शेजारणीचा आहे. ऊसतोडीला गेली ती."

आई थांबली. डोळ्यावरचा हिरवा पडदा उचलून तिने खोलीभर पाहिलं.

"अन् कपाट?"

"तिचंच."

"टीवी?"

"पलीकडच्यांचा."

"घड्याळ?"

"कोपऱ्यावरच्यांचं."

"मग तुझं काय हाय इथं?"

"मी."

ती हसली. हसताना डोळा दुखला म्हणून मलाच शिवी दिली. मग पलंगाचे पाय चाचपले, कपाटाची किल्ली कुठे असते ते विचारलं आणि एकदम करड्या आवाजात म्हणाली, "लोकांची एवढी ठेव घरात, अन् तू दिसभर अंगणवाडीत. घराला मानूस नको का?"

"हवं ना."

"कावून न्हाई सांगितलं आधी?" असं म्हणून ती पलंगावर चढली आणि काठी शेजारी घेऊन आडवी झाली. लेकीच्या घरी राहायला नाही, राखणीला.

तो हिवाळा माझ्या आठवणीत एकाच लांब दुपारीसारखा आहे. मी अंगणवाडीतून यायचे तेव्हा आई पलंगावर बसून घड्याळाकडे बघत असायची. ते बंद पडू नये म्हणून. ऊन खिडकीतून कपाटाच्या आरशावर पडायचं आणि आरशातून समोरच्या भिंतीवर, आणि तो उजेडाचा तुकडा संध्याकाळपर्यंत हळूहळू छताकडे चढायचा. आई त्याला "पाव्हणा" म्हणायची. पाव्हणा गेला की चहा. कपाट उघडलं की दुसऱ्याच बाईच्या संसाराचा वास यायचा, डांबरगोळ्यांचा, अत्तराचा, नव्या साडीच्या खळीचा. डुलकी लागता लागता मला वाटायचं, या घरात आम्ही दोघीच नाही. ज्यांच्या वस्तू आहेत ती सगळी माणसंही इथे हलक्या पावलांनी फिरताहेत. खरं तर ती तेव्हा कुठल्यातरी फडात, उसाच्या पाचटाच्या कोपीत होती. कधी वाटायचं, आपणच त्यांना स्वप्नात दिसत असू. कोण या दोघी, आमच्या पलंगावर?

भावाचा फोन यायचा. "आई, कधी येतीस?"

"मला येळ कुठं हाय बाबा? लोकांचं सामान हाय."

मी यादीत 'पलंग' खोडून टाकला होता. ती माझी घाई होती. चैत्र संपता संपता ट्रक परत आला आणि शेजारीण काळीठिक्कर होऊन, हातावर पाचटाचे ओरखडे घेऊन दारात उभी राहिली. आत आली आणि फरशीवर बसली.

"अगं, पलंगावर बस. तुझाच आहे," मी म्हटलं.

"तुमच्या घरात हाय तंवर तुमचा. आजी निजल्यात ना त्याच्यावर."

आई उठली होती. तिने कपाटाची किल्ली पुढे केली. "बघून घे. आरशाला तडा न्हाई. खालचा कप्पा आधीपसून अडकतो, त्यो आमी न्हाई केला."

शेजारणीने कपाट उघडलंही नाही. "आजी, पलंग ऱ्हाऊ द्या. आमी उन्हाळाभर अंगणातच निजतो. दिवाळीला परत आणायचाच हाय."

मी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

"न्हाई माय. ठेव येळेवर परत गेली पाह्यजे. आज पलंग ऱ्हायला तर उद्या लोक म्हनतील, त्या घरात गेलेली वस्तू माघारी येत न्हाई. मग पुढच्या साली हिच्या दारात कोन येईल?"

ती माझ्याच दाराची काळजी करत होती, त्यामुळे मला वादही घालता येईना. पलंग गेला, कपाट गेलं. टीव्ही, टेबल, खुर्ची, शेवटी चालतं घड्याळ. फरशीवर खडूचे चौकोन कधीच पुसले गेले होते. तिथे आता पायांच्या गंजाचे तांबडे ठिपके उरले. आमचे आवाज पुन्हा घुमायला लागले. आईने दोन लुगडी आणि औषधं फडक्यात बांधली.

"डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय," मी म्हणाले.

"मला तुझं तोंड लख्ख दिसतंय. खोटं बोलताना नाक हलतं तुझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलगावला जायला बीडची गाडी होती. आदल्या संध्याकाळी बसस्टँडवर फळांचा गाडा लावणारे आमचे तिसऱ्या घरचे शेजारी दारात येऊन खाकरले. त्यांनी सामान बाहेर जाताना पाहिलं होतं.

"बाई, आतली खोली रिकामी झाली म्हनं? आमच्याकडं नुस्ता पत्रा. आंबा पिकत न्हाई, उकडतो. पावडर मारलेला माल मला इकायचा न्हाई. तुमच्या फरशीवर आढी लावू दिली तर लई उपकार हुतील. सांज-सकाळ मी येऊन परतीन."

मी हो म्हणायच्या आत आई भिंतीला टेकून बसल्या जागेवरून बोलली, "अन् दुपारी कोन बगनार?"

"दुपारी काय अम्मा, कुनी न्हाई."

"दुपारीच तर चढतो आंबा. एक नासला की शेजारचे धा नासवतो." ती माझ्याकडे वळली. "हे मानूस धंदा कसा करतंय गं?"

त्यांनी कान पकडले. "मंग तुमीच सांगा, अम्मा."

गाडी चुकली. मुद्दाम कुणी चुकवली नाही, सकाळी गवत अंथरायचं होतं.

मग घर पुन्हा भरलं. या वेळी उंच काहीच नव्हतं. आतल्या खोलीच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत गवत, त्यात हिरवे आंबे, वर पुन्हा गवत. आई दाराच्या उंबऱ्यावर पाठ टेकून बसायची आणि नाकानेच राखण करायची. पहिले काही दिवस नुसता चिकाचा आंबूस वास. मग एका दुपारी मी घरी आले तर दाराबाहेरच पाय थबकले. घर गोड झालं होतं. गवताखालून पिवळा उजेड येतोय असं वाटत होतं, आणि आई त्या उजेडाच्या काठावर बसून पेंगत होती. मी दप्तर ठेवून तिच्याजवळ बसले. भांडी घासायची होती, पोषण आहाराचे आकडे भरायचे होते, पण त्या वासात कुठलंच काम खरं वाटत नव्हतं. बाहेर ऊन कडकडत होतं. आत आम्ही दोघी कुठल्यातरी मोठ्या फळाच्या पोटात बसलो होतो.

मृग लागला, आंबा सरला. गवत कुणाच्या तरी शेळ्यांना गेलं. राहिली ती आंबे भरून आणलेली लाकडी खोकी.

शेजाऱ्यांनी डोकं खाजवलं. "हे कुटं ठेवू? घरात जागा न्हाई. पुढच्या साली लागतीलच."

"राहू द्या," मी म्हणाले. या वेळी मी आईआधी बोलले.

आई बाहेर नळावर गेली होती. तिचं गाठोडं पुन्हा बांधलेलं मी पाहिलं होतं. मी खोकी पालथी घालून दोन रांगांत लावली. सुतळीने एकमेकांना आवळली, वर फळी टाकली, फळीवर माझी गादी. उंची आईच्या गुडघ्याला लावून आधीच मोजली होती. बसताना वाकावं लागू नये, उठताना कुणाचा हात लागू नये.

ती पदराला हात पुसत आत आली आणि उभी राहिली.

"खोकी कुनाची?"

"त्यांचीच. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवायचीत."

"अन् मोडली तर?"

"म्हणून तर घरात माणूस पाहिजे."

तिने माझ्या नाकाकडे बघितलं. मीही ते लपवलं नाही. खिडकीतून येणारा ओल्या मातीचा गारवा तिच्या लुगड्याचा काठ हलवत होता. मग ती बसली. एकदा हलून पाहिलं, पुन्हा हलून पाहिलं. गाठोडं सोडलं नाही. तसंच बांधलेलं उशाला घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मी दिवा बारीक केला. झोप लागली असेल असं वाटत होतं, तेवढ्यात ती भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पायाकडचं खोकं करकरतंय. उद्या सकाळी खिळा मार."