माडावर नवरा, बुंध्यावर कोयता

मंडळी, डाव्या हाताने टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

आमचे माड नवरा आणि दीर यांचे सामाईक आहेत. यंदा नवऱ्याने प्रत्येक माडाची एक पोय, म्हणजे फुलोरा, नीरेसाठी बांधली. बाकीच्या पोयी नारळासाठी ठेवल्या. आज सकाळी तो वर पोय तासत असताना दीर कोयता घेऊन आला.

"पोयच कापलीस तर नारळ काय आभाळातून पडणार? उतर, नायतर माडासकट उतरवतो."

"आधी घाव तरी नीट घाल," नवरा वरून म्हणाला.

दिराने खरंच बुंध्यावर घाव घातले. मी कोयता धरायला गेले आणि उजवा तळवा चिरला. रक्त बघून त्याने कोयता टाकला.

पोय सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा तासली नाही तर नीरा आटते. आता संध्याकाळ झाली. नवरा त्याच माडाकडे निघालाय आणि दीर ओटीवर बसलाय. तुम्ही जाऊ द्याल?