फिल्टर बंद, सासूबाई चालू

मंडळी, आज दुपारी मी खराडीला ऑफिसात असताना वारज्याच्या घरून सासूबाईंचा फोन आला. "अगं, टाकीचा फिल्टर बंद पडलाय. मासे वर येऊन तोंडं उघडतायत!"

मासे आणल्यापासून त्या टाकीकडे बघतही नव्हत्या. मी घाबरून म्हटलं, "आई, मगाने टाकीतलंच पाणी उंचावरून परत ओतत राहा, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल."

धावतपळत घरी पोहोचले, तर त्या स्टुलावर बसून अजून ओततच होत्या. मासे मजेत!

फिल्टर उघडला. त्याच्या आतल्या पंख्यात टाकीतली छोटी गोगलगाय अडकली होती. ती काढल्यावर फिल्टर लगेच सुरू झाला.

सासूबाई खूश. "आता दर रविवारी हा मीच धुणार. साबण कुठला लावायचा, तेवढं सांग."

साबणाने मासे मरतील, हे त्यांचा उत्साह न घालवता कसं सांगू? सुचवा!