आक्काला दिलेला वाडगा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. तुम्ही आक्काला ओळखत नाही, म्हणून असेल.

आक्का माझी थोरली बहीण, निपाणीला दिलेली. मी नोकरीमुळं बेळगावात. मला नाद दोनच — फिरायचे बेत आखायचे आणि झकास खायचं. पुण्यात असताना जपानी, थाई, कोरियन असलं सगळं खाऊन माझी जीभ लई चटावली होती. पाच वर्षांपूर्वी आक्का दोन दिवस राहायला आली, तेव्हा मी वहीत बेत मांडला. सकाळी किल्ला, तिथलं कमल बस्तीचं जैन मंदिर, मग मिलिटरी महादेवाचं देऊळ — आणि दुपारी कॅम्पातलं नवं हॉटेल, जपानी नूडल्सचं. खरं सांगू? किल्लाबिल्ला सगळं तोंडीलावणं. मला तिला ते हॉटेल दाखवायचं होतं. 'काय काय ठाऊक हाय गं तुला' असं तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

आक्का मटण-अंडं खात नाही. लहानपणी मात्र रश्श्यासाठी माझ्याशी भांडायची. मग एकदम सोडलं. का, ते मी कधी विचारलं नाही — उलट चिडवायची, लईच सोवळी झालीस की म्हणून. ती नुसती हसायची.

हॉटेलात ती हात धुवायला गेली आणि मी काउंटरवर विचारलं. त्या माणसानं स्वच्छ सांगितलं — नूडल्समध्ये अंडं असतं, सूप कोंबडीच्या हाडांचं. शाकाहारी हवं तर भाजी-भात मिळेल. भाजी-भात? तो तर ती रोज घरी खाते. मी म्हणाले, वरचे कोंबडीचे तुकडे तेवढे घालू नका. इतकं सोपं होतं ते — माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

आक्का मन लावून खात होती. कपाळावर घाम आला होता. "असली चव लई वर्षांनी लागली बघ," म्हणाली. मी खूश. आणि चेष्टेच्या भरात विचारलं — मटण कशापायी सोडलंस गं, एकदाचं सांग तरी.

तिनं चमचा खाली ठेवला.

"तू चौथीत हुतीस. मेंदूज्वर झालता तुला. डॉक्टरनी आशा सोडलती. तवा यल्लम्माला बोलले, हिला उठीव, मी जन्मभर मटण-अंड्याला शिवणार न्हाय." मग जरा लाजून म्हणाली, "इचारलंस म्हणून सांगितलं."

माझ्यासाठी? मी जिला इतकी वर्षं चिडवत आले, ती माझ्यासाठी? आणि मी तिला काय खाऊ घालत होते?

वाडगा अजून अर्धा होता. अर्धा. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? तिचा हात धरता आला असता. धक्का लागल्यासारखं करून सांडता आला असता. हे सगळं मला त्याच क्षणी सुचलं होतं — मागाहून नाही.

मी म्हणाले, "खा की आक्का, गार हुईल."

तिनं वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तळापर्यंत प्याली.

दर वर्षी ती मला घेऊन सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जाते. देवीपुढं हात जोडते आणि ऐकू येईल असं म्हणते — आई, शब्द पाळलाय मी, हिला सांभाळ. मी तिच्या शेजारीच उभी असते.